खोट्या पैशाची पारख

मराठी गावगाड्यात पैसा पारखणे हे एका ठरावीक माणसाचे काम होते. त्या माणसाला पोतदार म्हणत. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांत त्याचे नाव येते आणि बहुतेक ठिकाणी हे काम सोनाराकडेच असे. वसुलीचा पैसा पाटील-कुलकर्ण्यांसमोर मोजला जाई तेव्हा प्रत्येक रुपया पोतदाराच्या हातून जाई. त्याने मान डोलावली की नाणे थैलीत, नाही तर बाजूला. पेशव्यांच्या खजिन्यातही पोतनिसाच्या हाताखाली पोतदार असतच. बाजारपेठेत तेच काम सराफ करी आणि त्याची मजुरी बट्ट्याच्या रूपाने कापून घेई. खोटा पैसा ओळखणे ही आज प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी मानली जाते. दोनशे वर्षांपूर्वी तो एक धंदा होता, आणि तो शिकायला उमेदवारी करावी लागे.

या धंद्याची मुळे फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरच्या अधिकाऱ्याखेरीज नाणी तपासणारा ‘रूपदर्शक’ हा वेगळा अधिकारी सांगितला आहे. आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्यांवर मूळ चिन्हांशिवाय जे बारीक ठसे आढळतात, ते नंतर ज्यांच्या हाती ती आली त्या पारख्यांनी मारलेले असावेत, असे नाणेतज्ज्ञ मानतात. नाणे निघाले त्या काळापासूनच ते तपासणाराही होता.

अठराव्या शतकात महाराष्ट्रात पोतदाराला उसंत नसे, याचे कारण चलनाच्या विविधतेत होते. टांकसाळी बऱ्याचदा सरकारी परवान्यावर खाजगी माणसे चालवत. पुण्याकडे अंकुशी रुपया चाले, नाशिक-खानदेशाकडे चांदवडी, नागपूरकडे भोसल्यांचा. सोन्याचे होन आणि तांब्याची शिवराई निराळीच. मराठ्यांच्या रुपयांवरही मोगल बादशहाचे नाव असे, त्यामुळे फारसी अक्षरे न येणाऱ्या कुणब्याला एका रुपयाहून दुसरा वेगळा कसा, हे वाचून कळण्याची सोय नव्हती. अंकुश, जरीपटका अशी छोटी चिन्हे तेवढी ओळखीची. प्रत्येक नाण्याचे वजन थोडे वेगळे, चांदीचा कस वेगळा, आणि वापरून झिजलेल्याचा भाव आणखी वेगळा. खरे-खोटे हा प्रश्न पुरेसा नव्हता. खरे असले तरी किती खरे, हेही ठरवावे लागे.

खोटेपणाचे प्रकार ठरलेले होते. कड कातरून किंवा कानशीने घासून थोडी चांदी काढून घेणे हा सर्वांत साधा. चांदीत तांबे जास्त मिसळून हलक्या कसाचा रुपया पाडणे हा दुसरा. आत तांब्याची चकती आणि वर चांदीचे पातळ पान, हा तिसरा आणि जास्त फसवा. चौथा म्हणजे खऱ्या नाण्याचा मातीत साचा घेऊन त्यात कथील किंवा शिसे ओतणे.

प्रत्येकावर पोतदाराकडे इलाज होता. आधी डोळा: ओतीव नाण्याची अक्षरे बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात, तर ठशाखाली ठोकलेल्या नाण्याची कड आणि अक्षर तीक्ष्ण उमटते. मग काटा: कातरलेला रुपया तिथे लपत नाही. मग आवाज. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकवायचे, नाही तर दगडी फरशीवर टाकायचे. चांगल्या चांदीचा रुपया स्वच्छ आणि लांब वाजतो. शिसे-कथलाचा थप्प होतो. आत तांबे आणि वर पान असेल तर दोन धातू एकजीव नसल्यामुळे आवाज चिरका येतो. तरीही शंका राहिली तर कसोटी: काळ्या दगडावर नाण्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या चांदीची दुसरी रेघ ओढायची, आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. अगदी शेवटचा उपाय छिन्नीचा. नाण्याला छोटा घाव घातला की आतले तांबे उघडे पडते. पारखून खऱ्या ठरलेल्या नाण्यावर सराफ आपला बारीक ठसा मारी. संग्रहालयांत असे अंगभर ठसे खाल्लेले रुपये पुष्कळ आहेत.

यातले सामान्य माणसाला काय जमे? वाजवून पाहणे जमे, आणि ते सगळे करीत. काटा, कसोटी आणि छिन्नी मात्र दुसऱ्याच्या हातात होती. शेतकरी बाजारात दाणे विकून रुपये घेई, तेच सराफाकडे नेई, आणि सराफ सांगेल तो बट्टा मुकाट्याने सोसून बाहेर पडे. खोट्या नाण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा पारख स्वतःला येत नाही म्हणून होणारे नुकसान बहुधा मोठे असेल.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. मुंबईच्या किल्ल्यात काही वर्षांपूर्वीच वाफेच्या यंत्रांची टांकसाळ उभी राहिली होती. तिथून निघणारा रुपया पुरा गोल, जाडीला सारखा आणि कडेला दाते असलेला होता. कडेचे दाते ही दिसायला छोटी पण परिणामाने मोठी गोष्ट. नाणे कातरले की दाते जातात, आणि ते कुणालाही, अगदी बोटाने चाचपूनही, कळते. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाला लोक कलदार म्हणू लागले. प्रत्येक रुपया दुसऱ्यासारखा झाल्यामुळे पारखायला एकच नमुना लक्षात ठेवणे पुरे झाले. पोतदाराचे वतन हळूहळू नावापुरते राहिले आणि पुढे आडनावात उरले.

मराठवाड्याला ही सोय फार उशिरा मिळाली. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखाशी व्यवहार असणाऱ्याला कलदारही लागे. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. १९१८ च्या कायद्यानंतर हैदराबाद संस्थानाने आपल्या नोटाही काढल्या. औरंगाबाद-जालन्याच्या व्यापाऱ्याला त्यामुळे दोन राज्यांची नाणी आणि दोन राज्यांच्या नोटा, अशा चार गोष्टींची ओळख ठेवावी लागली. हाली चलन पूर्णपणे थांबले ते संस्थान भारतात विलीन झाल्यावर काही वर्षांनी.

कलदार रुपयाच्या इतिहासात एक विचित्र वळण १८९३ साली आले. तोवर कुणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी सरकारने ती सोय बंद केली. जगात चांदीचा भाव कोसळत होता, आणि रुपयाची किंमत मात्र आतल्या चांदीपेक्षा वर धरून ठेवली गेली. आता खोटा रुपया पाडणाऱ्याला शिसे-कथिल वापरण्याची गरजच उरली नाही. खऱ्या चांदीचा रुपया पाडूनही नफा होऊ शकत होता. असा रुपया वाजवला तर खणखणीत वाजणार आणि कसोटीवरही उतरणार. शेकडो वर्षे कामी आलेल्या दोन्ही परीक्षा इथे निरुपयोगी ठरतात. नाण्याचा खरेपणा त्यातल्या धातूत नसून ते कुणी पाडले यात आहे, ही नोटेच्या बाबतीत उघड असलेली गोष्ट नाण्याच्याही बाबतीत खरी झाली. १९४० मध्ये युद्धामुळे चांदी वाचवण्यासाठी निम्म्या चांदीचा रुपया निघाला, तेव्हा त्याच्या कडेला दात्यांच्या मधोमध नक्षीदार खाच घातली गेली. वाजवून पारखण्याचा काळ तिथे सरला आणि पाहून पारखण्याचा सुरू झाला.

कागदी पैसा त्याआधीच आला होता. बँक ऑफ बाँबेसारख्या प्रेसिडेन्सी बँका आपापल्या नोटा काढत. १८६१ च्या कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि पुढल्या वर्षापासून भारत सरकारच्या नोटा चलनात आल्या. वर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र, फक्त एका बाजूला छपाई, दोन भाषांतला मजकूर. कागद इंग्लंडमधल्या लाव्हरस्टोकच्या गिरणीत हाताने साच्यावर काढलेला, आणि छपाई बँक ऑफ इंग्लंडची. खरेपणाची खूण म्हणजे कागदातला जलचिन्हाचा मजकूर, नागमोडी रेघा आणि सही. शिवाय नोटांचे क्रमांक नोंदवून ठेवले जात.

या नोटा फार टिकल्या नाहीत. बनावट नोटांचा सुळसुळाट झाला आणि सरकारला ही मालिका मागे घ्यावी लागली. १८६७ पासून नवी मालिका आली. तिच्यात मजकुराच्या खाली हलक्या रंगाची छपाई होती, यंत्राने कोरलेली एकात एक गुंतलेली वेटोळी नक्षी होती, आणि आधी चार व नंतर आठ भाषांत किंमत लिहिलेली होती. पांढऱ्या कागदावरचा नुसता काळा मजकूर कसबी कोरक्याला उतरवता येतो. पण दोन रंगांत, एकावर एक नेमकी बसवलेली आणि यंत्राने आखलेली नक्षी हाताने जमवणे फार अवघड. बनावट करणाऱ्याने एक पाऊल टाकले की छापणाऱ्याने दुसरे टाकायचे, हा पुढच्या दीडशे वर्षांचा क्रम तिथूनच लागला. १८९९ मध्ये नोटा खोट्या करण्याबद्दल भारतीय दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घातली गेली.

सामान्य माणसाचा मात्र या सगळ्याशी बराच काळ संबंध आला नाही. सुरुवातीची सर्वांत लहान नोट दहा रुपयांची होती, आणि एवढी रक्कम खेड्यातल्या मजुराच्या हाती एकरकमी क्वचितच पडे. नोट ज्या चलनमंडळातून निघाली त्याबाहेर हक्काने वटत नसे. मुंबई मंडळाच्या नोटा वेगळ्या, कलकत्त्याच्या वेगळ्या. अकोला आणि नागपूर इथेही काही काळ अशी ठाणी होती. १९०३ ते १९११ या काळात पाचपासून शंभरपर्यंतच्या बहुतेक नोटा देशभर चालू लागल्या. तोवर नोट हा पेढीवाल्यांचा आणि सरकारी कचेऱ्यांचा व्यवहार होता. जपून राहिलेल्या जुन्या नोटांच्या कोऱ्या पाठीवर हातोहात लिहिलेली नावे आणि सह्या आढळतात. कुणाकडून नोट आली हे माहीत असणे, हीच त्या काळातली मोठी परीक्षा होती. पोस्टाने पैसे पाठवताना नोटेचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या टपालाने धाडायची रीतही होती.

गरिबाच्या हातात कागद आला तो पहिल्या महायुद्धात. चांदी मिळेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ अडीच रुपयांची आली. १९१८ मध्ये लोक नोटा घेऊन चांदीच्या रुपयांसाठी गर्दी करू लागले, ठिकठिकाणी नोटेवर बट्टा बसला, आणि अखेर अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी विकत दिली तेव्हा सरकारची अडचण टळली. जी वस्तू वाजवता येत नाही, कसाला लावता येत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्या गर्दीतल्या माणसाची शंका अगदी रास्त होती. त्याला नोट पारखायला कुणी शिकवलेच नव्हते. १९२६ च्या सुरुवातीला एक रुपयाची नोट खर्चाच्या कारणाने बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ती पुन्हा आली.

नोट छापण्याचे काम तोवर इंग्लंडमध्येच चाले. १९२८ मध्ये नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. पाचव्या जॉर्जच्या चित्राची मालिका १९२३ मध्येच आली होती. चेहऱ्याचे चित्र नोटेवर असण्यामागे राजनिष्ठेखेरीज व्यवहाराचेही कारण आहे. माणसाचा डोळा नक्षीतला फरक विसरतो, पण ओळखीच्या चेहऱ्यात डोळ्याची किंवा ओठाची रेघ जराशी चुकली तरी काहीतरी बिघडले आहे हे त्याला जाणवते. पोतदाराची विद्या नसलेल्यालाही ही पारख उपजत असते. पुढे राजे गेले, अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि नंतर गांधीजी आले. चित्राचे हे काम मात्र तसेच राहिले.

रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये पहिली नोट काढली ती सहाव्या जॉर्जच्या चित्राची, पाच रुपयांची. थोड्याच वर्षांत युद्ध भारताच्या सरहद्दीला भिडले आणि जपान्यांनी भारतीय नोटांच्या उत्तम दर्जाच्या नकला केल्या. एखाद्या टोळीने चोरून केलेल्या नकलेशी लढणे वेगळे आणि कागद, शाई, यंत्रे, कारागीर हाताशी असलेल्या राष्ट्राशी लढणे वेगळे. जलचिन्हातला राजाचा चेहरा तोवर एका बाजूने पाहणारा होता, तो बदलून समोरून पाहणारा केला गेला. दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा ठरला. कागदात सुरक्षाधागा भारतात प्रथमच आला, तो याच प्रसंगाने. कागद तयार होत असतानाच त्याच्या पोटात धागा सोडायचा, म्हणजे छपाईने तो कधीच नकलता येणार नाही, ही त्यामागची कल्पना होती. आजच्या पाचशेच्या नोटेतला हिरवा-निळा धागा त्याच धाग्याचा वंशज आहे.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके या बाबतीत तुलनेने शांत गेली. १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवर अशोकस्तंभ आला. होशंगाबादला नोटेच्या कागदाची गिरणी आणि देवासला दुसरा छापखाना झाला. खरी धास्ती पुन्हा निर्माण झाली ती रंगीत फोटोकॉपी यंत्रे आणि संगणकाचे छपाईयंत्र स्वस्त झाल्यावर. कोरक्याची कला, धातूची पट्टी, महिनोन्महिन्यांची मेहनत यांची गरज संपली. जून १९९६ पासून महात्मा गांधी मालिका आली. तिच्यात काही ठिकाणी कागदाच्या वर डोकावणारा धागा, तिरकस पाहिल्यावर दिसणारा लपलेला आकडा आणि अंधांसाठी उठावदार खुणा होत्या. २००० मध्ये पाचशेच्या नोटेवर रंग बदलणारी शाई आली, २००५ मध्ये धागा सुधारला, २०१५ मध्ये क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जाऊ लागले. या सगळ्या गोष्टींत एक सूत्र आहे. फोटोकॉपी यंत्र नोटेला एका कोनातून, एका उजेडात पाहते. हातातली नोट हलवली, कलवली किंवा उजेडासमोर धरली की जे बदलते, ते यंत्राला टिपताच येत नाही. नवी मालिका माणसाच्या हाताच्या हालचालीवर भरवसा ठेवून रचलेली आहे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी जुन्या पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्यानंतर आजची मालिका आली. सध्या बनावटीचा सर्वाधिक मोह पाचशेच्या नोटेचा असतो, म्हणून तीच बारकाईने पाहणे योग्य.

नोट करड्या रंगाची, ६६ गुणिले १५० मिलिमीटर. प्रथम स्पर्श. नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून तो कडक, चिवट आणि हाताला कोरडा लागतो. मधल्या गांधीजींच्या चित्रावरून, उजवीकडच्या अशोकस्तंभावरून आणि दोन्ही कडांच्या पाच तिरक्या रेघांवरून अंगठा फिरवला तर छपाई किंचित वर आल्याचे कळते. कोरीव पट्टीच्या खाचांत भरलेली शाई फार मोठ्या दाबाने कागदावर उचलली जाते, तिचा हा उंचवटा. घरगुती छपाईत शाई कागदात मुरते आणि नोट सपाट लागते. फार वापरलेल्या नोटेत हा उंचवटा झिजतो, म्हणून केवळ स्पर्शावर निकाल देऊ नये.

मग नोट कलवायची. धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, आणि धाग्यावर ‘भारत’ ही अक्षरे व रिझर्व्ह बँकेची इंग्रजी आद्याक्षरे दिसतात. उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह असलेला ५०० चा आकडाही हिरव्याचा निळा होतो. बनावट नोटेत धाग्याच्या जागी चकचकीत पट्टी चिकटवलेली किंवा नुसती हिरवी रेघ छापलेली आढळते. चकाकी दिसली म्हणजे रंग बदलला असे नव्हे. हिरवा जाऊन खरोखर निळा येतो का, हे पाहावे.

शेवटी उजेड. उजवीकडची मोकळी जागा दिव्यासमोर धरली की गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा उमटतो. कागदाचा लगदा जाळीच्या साच्यावर बसतो तेव्हा उंच भागावर पातळ आणि खोल भागावर जाड थर राहतो. म्हणून खऱ्या जलचिन्हात गालाची, कपाळाची छाया हळूहळू गडद होते. तिला ठळक कड नसते. आकडा मात्र कागदाहून उजळ दिसतो. बनावट नोटेत हे चित्र राखाडी शाईने किंवा तेलकट पदार्थाने काढलेले असते. त्याची कड स्पष्ट असते, आणि मुख्य म्हणजे उजेडाशिवायही ते दिसते. खोटेपणा ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणावी लागेल, कारण ती कागदाच्या घडणीची परीक्षा आहे. उजेडासमोर धरलेलीच असताना धागाही सलग रेघेसारखा दिसतो का ते पाहावे. वर तो तुटक दिसतो, आत अखंड असतो. समोरच्या बाजूचा अर्धवट वाटणारा ५०० चा आकडा मागच्या छपाईशी जुळून पुरा होतो, हेही त्याच वेळी कळते.

बँकेत आणि मोठ्या दुकानांत वापरतात तो जांभळा दिवा आणखी एक गोष्ट दाखवतो. साधा छपाईचा कागद त्याखाली निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायने घातलेली असतात. नोटेचा कागद काळपट राहतो. चमकतात ते क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू.

दृष्टिहीन माणसाची अडचण या सगळ्यात वेगळी आहे. पाचशेला वर्तुळ, शंभरला त्रिकोण अशी उठावदार खूण आणि कडेच्या रेघांची वेगवेगळी संख्या त्यांच्यासाठीच असते. पण नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांच्या लांबीत चार-चार मिलिमीटरांचाच फरक राहिला. जुन्या मालिकेत शंभर आणि पाचशेत दहा मिलिमीटरांचा होता. अंधांच्या संघटनेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मोबाइलवर नोटेची किंमत बोलून सांगणारे ‘मनी’ हे ॲप काढले. ते किंमत सांगते. नोट खरी की खोटी हे सांगत नाही. जे बोटाने नोट ओळखतात त्यांच्यासाठी आकार कमी फरकाचे ठेवणे ही या मालिकेतली उणीवच आहे.

पारख नसली की माणूस खोटे स्वीकारतो तसा खरेही नाकारतो. दहा रुपयांच्या नाण्यांबाबत तेच घडले. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, पंधरा किरणांचे खोटे, अशा वावड्या उठल्या आणि अनेक गावांत दुकानदार ते नाणे घेईनासे झाले. दहा रुपयांच्या नाण्यांचे १४ प्रकार चलनात आहेत आणि सगळे खरे आहेत, असे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. क्रमांकात चांदणी असलेल्या नोटेवरही असाच संशय आला. छपाईत खराब झालेल्या नोटेऐवजी घातलेल्या नोटेवर ती खूण असते, आणि ती नोट पूर्ण कायदेशीर आहे. हिरवा धागा गांधीजींच्या जवळ आहे की लांब यावरून खरे-खोटे ठरवणारा संदेशही निराधार होता. या वावड्यांचा फटका भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्याला बसतो, कारण नाणी त्यांच्याकडेच साचतात.

रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार २०१६-१७ मध्ये बँकांत ७ लाख ६२ हजारांहून अधिक बनावट नोटा सापडल्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा सुमारे २ लाख १७ हजार होता, आणि त्यात निम्म्याहून जास्त नोटा पाचशेच्या होत्या. हे आकडे बँकेपर्यंत पोचलेल्या नोटांचे आहेत.

अशी नोट बँकेत गेली तर ती परत मिळत नाही. तिच्यावर ‘बनावट नोट’ असा शिक्का पडतो, ती जप्त होते आणि भरणाऱ्याला पोच दिली जाते. ही पोच मागून घेण्याचा त्याला हक्क आहे. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा असतील तर बँक महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्रित कळवते. पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १७८ ते १८२ या गुन्ह्यांसाठी आहेत. नोट बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि खोटी आहे हे ठाऊक असून ती खरी म्हणून पुढे सरकवणाराही गुन्हेगार ठरतो. नोट वैध मार्गाने हातात आली हे दाखवता आले, तर ती नुसती जवळ असणे गुन्हा ठरत नाही.

नुकसान पाचशे रुपयांचे असते आणि ते झोंबते, म्हणून नोट गर्दीच्या दुकानात किंवा अंधारात चालवून टाकायचा मोह होतो. तसे केले की नुकसान दुसऱ्या गरिबाच्या माथी जाते आणि आपण कायद्याच्या कचाट्यात सापडतो. संशय आलेली नोट घेतानाच, देणाऱ्यासमोर, उजेडासमोर धरावी आणि दुसरी मागावी. घेऊन झाली असेल तर ती वेगळी ठेवून बँकेत न्यावी.